पिंपाला झाकण नाही, टीपॉयला मात्र कॉर्नर गार्ड

साताऱ्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, कड्या-कोयंडे, नळ, पाइप, वायर, रंग, सगळं मिळतं, आणि गेली काही वर्षं एक नवीनच गिऱ्हाईक यायला लागलंय. नवरा-बायको दोघं येतात, बायकोच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ, नवऱ्याच्या हातात मोबाईल आणि मोबाईलवर लहान पोरांच्या सुरक्षेच्या कसल्यातरी किटचा फोटो. "काका, असलं काय मिळंल का?" टीपॉयच्या कोपऱ्याला लावायचे रबरी गार्ड, ड्रॉवरला चिकटवायचं लॉक, सॉकेटात खुपसायची प्लास्टिकची टोपणं, दार धाडकन लागू नये म्हणून फोमचा तुकडा. मागच्या महिन्यात असंच एक जोडपं आलं, गप्पांच्या ओघात विचारलं राहायला कुठं, म्हणाले शाहूपुरीत, तळमजला, भाड्याचं घर. पाणी कधी येतं? सकाळी. मग साठवता कशात? "मोरीत दोनशे लिटरचं पिंप आहे ना." त्याला झाकण आहे का, म्हटलं. दोघं एकमेकांकडं बघायला लागले. झाकण होतं खरं तर, पण ते गच्चीवर तुळशीच्या कुंडीखाली ठेवलं होतं, पाणी सांडू नये म्हणून.

मी त्यांना हसलो नाही, कारण माझ्या घरातपण अशीच तऱ्हा होती, ते पुढं सांगतो. आणि मी त्या किटच्या विरोधातपण नाही, विकतोच की. पण ती किट ज्या घरासाठी बनवलीय ते घर आपलं नाही. परदेशातल्या याद्या बघा, पहिला नंबर जिन्याच्या गेटचा, मग कमोडच्या झाकणाचं लॉक, मग शेकोटीची जाळी. आपलं निम्मं आयुष्य जमिनीवर चालतं राव. विळी जमिनीवर, पीठ मळायची परात जमिनीवर, जेवायला बसलो की आमटीचं पातेलं जमिनीवर, चहाचा कप सोफ्याच्या पायाशी, इस्त्री करायची तर सतरंजी टाकून जमिनीवर, आणि ती झाली की गरम इस्त्री तिथंच भिंतीला टेकवून उभी, वायर लोंबकळत. रांगणाऱ्या पोराला हे सगळं म्हणजे मांडून ठेवलेलं ताट. टीपॉयचा कोपरा लागून टेंगूळ येतं, खोबरेल लावलं की दोन दिवसात जातं. पोरं मरतात किंवा जन्माची अधू होतात ती पाण्यानं, भाजून, विषानं, शॉकनं, घशात काय अडकून, आणि रस्त्यावर. त्यातलं किटमध्ये काय काय येतं हे ज्यानं त्यानं खोक्यावर वाचून बघावं.

आता माझं सांगतो. १९९८ ची गोष्ट, थोरली मुलगी दीड वर्षाची. तेव्हा आमच्याकडं तांब्याचा बंब होता, लाकडं घालून पेटवायचा, सकाळी सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी त्याच्यावर. मी बादलीत कढत पाणी काढलं, मोरीत ठेवलं आणि विसण घालायला गार पाण्याची कळशी आणायला स्वयंपाकघरात गेलो. दहा पावलं. तेवढ्यात ती रांगत, धरत धरत मोरीपर्यंत गेली आणि बादलीच्या काठाला धरून उभी राह्यची तशी उभी राहिली, बादली कलंडली. उजवा हात कोपरापर्यंत आणि पोटाचा थोडा भाग. शेजारच्यांनी टूथपेस्ट लावली, कुणी शाई आणली, कुणी म्हणालं कोरफड, पाण्याखाली हात धरावा हे त्या गर्दीत एकालाही सुचलं नाही, मलाही नाही. आता सगळीकडं सांगतात की भाजल्यावर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं आणि दुसरं काही म्हणजे काही लावायचं नाही. तेव्हा आम्ही लावलेली पेस्ट डॉक्टरांना आधी खरवडून काढायला लागली, ते ओरडणं मला अजून ऐकू येतं.

पण मला जे सांगायचंय ते त्याच्या पुढचं. दवाखान्यात, घरी, बघायला येणाऱ्या प्रत्येक माणसानं एकच प्रश्न विचारला आणि तो माझ्या बायकोला विचारला. "लक्ष कुठं होतं तुझं?" माझ्या आईनं विचारला, तिच्या आईनं विचारला, वरच्या आळीतल्या मावशींनी विचारला. ही तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होती. बादली मी ठेवली होती. पाणी मी काढलं होतं. मला कुणीच काय विचारलं नाही आणि मीपण सांगितलं नाही, वर्षानुवर्षं सांगितलं नाही. ती ऐकून घेत राहिली. मुलीच्या हातावर डाग आहे अजून, तिचं लग्न ठरवताना त्या डागाचा विषय निघाला तेव्हासुद्धा हिनंच मान खाली घातली. मग मात्र मी बोललो, सगळ्यांसमोर, पण तोपर्यंत वीस-बावीस वर्षं उशीर झाला होता.

त्यामुळं "लक्ष ठेवा" हा सल्ला मला सहन होत नाही, आणि आपल्याकडं पोरांच्या सुरक्षेवर कुणीपण बोलायला लागलं की सुरुवात आणि शेवट तोच. डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवा, औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं मुलांपासून दूर ठेवा, पेपरात बातमी येते आईची नजर चुकवून. नजर चुकवून म्हणे, जसं काय ते पोर भामटं आहे आणि आई पोलीस. अहो लक्ष ही काय टाकीत भरून ठेवायची वस्तू आहे का, ते संपतं, ते दाराच्या बेलनं तुटतं, दूध उतू गेलं की तुटतं, दुसरं पोर रडलं की तुटतं. रात्री तीनदा उठलेल्या बाईचं लक्ष सकाळी सातला किती शिल्लक असणार? आणि घरात माणसं जास्त म्हणजे लक्ष जास्त हापण भ्रम आहे, लग्नघरात बघा, पन्नास माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं की पोर दुसऱ्या कुणाकडं तरी आहे. मांडवामागं आचाऱ्यानं आमटीचं भलंमोठं पातेलं उतरवून जमिनीवर ठेवलेलं असतं आणि त्याच्या कडेनं पोरं शिवणापाणी खेळत असतात.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. शॉक लागू नये म्हणून आपण गिऱ्हाइकाला असं सांगतो का की वायरीकडं लक्ष ठेवा? नाही सांगत. आपण बोर्डात आरसीसीबी बसवतो, तीस मिलीअँपियरची, करंट दुसरीकडं गळायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडते. ती दमत नाही, तिला झोप येत नाही, तिची सासू येत नाही. सॉकेट घ्यायचं तर आतून शटर असलेलं घ्या, थ्री-पिनचा वरचा जाड पाय आत गेल्याशिवाय खालची भोकं उघडत नाहीत, मग ती सुट्टी टोपणं लागतच नाहीत, जी टोपणं पोरं काढून तोंडात घालतात. हा माझा सगळा मुद्दा आहे. माणसाचं लक्ष चुकणार हे धरूनच वस्तू बनवायची, घर मांडायचं, नियम करायचा. चूक झाली तरी पोर वाचलं पाहिजे.

हे काय माझ्या डोक्यातून आलेलं नाही. कॅनडात विंडसर नावाचं गाव आहे, तिथं हेन्री ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, गोळ्या खाऊन आलेल्या पोरांची पोटं धुवून धुवून वैतागलेले. पालकांना सांगून झालं, पत्रकं वाटून झाली, पोरं यायची थांबेनात. मग त्यांनी पालकांचा नाद सोडला आणि बाटलीच्या झाकणाच्या मागं लागले, १९६७ साली दाबून फिरवायचं झाकण आलं, ते मोठ्या माणसाला उघडतं आणि पोराला नाही. १९७० मध्ये अमेरिकेनं असल्या झाकणांचा कायदाच केला. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींच्या खिडकीतून पोरं पडायची, तिथं पण आधी आयांनाच शहाणपणा शिकवत होते, शेवटी १९७६ मध्ये नियम केला की ज्या भाड्याच्या घरात लहान मूल आहे तिथं घरमालकानं खिडकीला गज लावून द्यायचे. घरमालकानं, हे लक्षात घ्या, आईनं नाही.

आता आपल्याकडच्या बाटलीकडं येऊ. आपल्या भाषेतच एक घोळ आहे, तो कुणाच्या ध्यानात येत नाही. तापावरचं ते औषध, द्राक्षावर मारतात ते औषध, ढेकणाचं औषध, उंदराचं औषध, मच्छरचं औषध. पोरगं दोन वर्षांचं, त्याला तुम्ही रोज संध्याकाळी "औषध घे, गोड गोड आहे" म्हणून चमच्यानं सिरप पाजता, आणि तासगाव-पलूस पट्ट्यात त्याच घराच्या पडवीत "बाबांचं औषध" ठेवलेलं असतं. मूळ डब्यावर विषारीपणाचा त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा, कायद्यानंच असतो, पण अर्धा लिटर शेजाऱ्याला दिलं की ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत जातं आणि त्रिकोण डब्यावरच राहतो. शहरातल्यांनी नाक मुरडायचं कारण नाही. दारावर फिनेल आणि संडास धुवायचं ॲसिड विकायला येतात ते कशात भरून देतात? पाण्याच्या नाहीतर सरबताच्या जुन्या बाटलीत. आम्ही आपले दहा-वीस रुपये वाचले म्हणून खूश. माझ्या दुकानातपण थिनर असंच सुटं जायचं, गिऱ्हाईक घरून बाटली घेऊन यायचं, मी भरून द्यायचो, मी काय वेगळा नव्हतो. आता सीलबंद डबाच देतो, त्यावरून शिव्यापण खाल्ल्यात.

इथं एक सांगून ठेवतो, कामाचं आहे. रॉकेल, थिनर, ॲसिड असलं काय पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, उलटीत ते फुफ्फुसात जातं, किंवा घसा दुसऱ्यांदा भाजतो. बाटली बरोबर घ्या, १०८ ला फोन लावा, आणि दिल्लीच्या एम्सचं विषबाधेचं माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, टोल-फ्री, डॉक्टरपण तिथं फोन करून विचारतात. उंदराची पेस्ट भाकरीच्या तुकड्याला लावून कपाटाखाली सरकवतात, त्यातल्या पिवळ्या फॉस्फरसनं लिव्हर जातं, आणि पहिल्या दिवशी पोर ठीकठाक दिसतं, त्यामुळं "बरं आहे की" म्हणून घरी ठेवू नका. आमच्या नातवानं गेल्या दिवाळीत कपाटाखालून डांबरगोळी शोधून काढली. खडीसाखर समजला असणार. घशात जायच्या आत हिनं बोट घालून काढली म्हणून बरं, पण तिनं बघितलं हे नशीब झालं, व्यवस्था नाही झाली.

पाण्याचं तर मला सगळ्यात जास्त वाटतं. जगभर बुडून मरणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त एक ते चार वर्षांच्या पोरांत आहे, आणि आपल्या डोळ्यासमोर बुडणं म्हणजे कृष्णेचा घाट नाहीतर कॅनॉल. एक वर्षाचं पोर बादलीतल्या वीतभर पाण्यात बुडतं. डोकं जड, तोल पुढं जातो, हाताला जोर नाही, आणि आवाज येत नाही, ओरडायला तोंड पाण्याच्या वर लागतं ना. पिंप उंच असतं, रांगतं पोर त्यात पडत नाही हे खरंय, पण पिंपाशेजारी उपडी बादली असतेच आणि चालायला लागलेलं पोर तिच्यावर चढतंच. माण-खटाव, जत, आटपाडीकडं उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा घरात जे जे भांडं आहे ते भरून ठेवतात, घंगाळ, टोप, बॅरल, जमिनीतला हौद. त्यांनी काय करावं? पाणी साठवू नये? म्हणजे बघा, पोराची सुरक्षितता नळापाशी येऊन अडकते. पाणी रोज, नेमानं आलं असतं तर घराघरात हे उघडे हौद राहिले नसते. पाणीपुरवठ्याच्या योजनेवर बोलताना लिटर किती, खर्च किती, श्रेय कुणाचं एवढंच बोलतात, साठवणीत पोरं जातात हे कुणी बोलत नाही.

बांगलादेशात घरोघर तळी, नाले, बुडण्यानं पोरं जायची फार. त्यांनी गावागावात एक ते चार वर्षांच्या पोरांसाठी सकाळचं पाळणाघर चालू केलं, गावातलीच बाई, वीस-पंचवीस पोरं, कारण आया कामात असतात ती वेळ सकाळचीच. बुडणारी पोरं खूप कमी झाली आणि आता जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांना तेच करायला सांगते. आपल्याकडं तर १९७५ पासून अंगणवाडी आहे, बाई आहे, खोली आहे. पण शाळापूर्व वर्ग तीन ते सहाचा. दीड वर्षाचं, जे सगळ्यात जास्त धडपडतं, ते घरी आणि त्याला फक्त आहाराचं पाकीट. कारखान्यांचा हंगाम चालू झाला की कराड, इस्लामपूर पट्ट्यात फडाच्या कडेला कोपी टाकून ऊसतोड कामगार राहतात, आई पहाटे चारला कोयता घेऊन फडात, पोर पाचटावर निजवलेलं नाहीतर सहा वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात, वरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागंपुढं होत असतात. त्या बाईला कुठला कॉर्नर गार्ड विकू मी? केंद्राची पाळणा नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची, ती फडाच्या बांधापर्यंत आली पाहिजे हे मागायला एकदा तरी कुठं मोर्चा निघालाय का?

बरं, दुकानात "बेबी सेफ" म्हणून जे मिळतं ते सगळं सेफ असतं का, तर तेपण नाही. वॉकर घ्या. बारशाला नाहीतर पहिल्या वाढदिवसाला हमखास येतो, चाकाचा, गाणी वाजवणारा. कॅनडानं २००४ मध्ये तो विकायला, जाहिरातीला, एवढंच काय जुना देऊन टाकायलापण बंदी केली, कारण त्यात बसलेलं पोर एका सेकंदात जिन्यापर्यंत, शेगडीपर्यंत पोचतं, आणि चालायला लवकर शिकतं म्हणतात तेपण खोटं. आपल्याकडं राजरोस टांगलेला असतो. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी, खरं तर तान्ह्याला उशीच नको, उताणं निजवा, साध्या कडक गादीवर. सर्दीला कापूर-ओव्याची पुरचुंडी, ती आता सुंदर पाकिटात घालून नॅचरल म्हणून विकतात, पण कापूर थोडासुद्धा पोटात गेला तर लहान पोराला झटके येतात, आणि पुरचुंडी तर त्याच्या तोंडाजवळच बांधलेली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. चार वर्षांच्या आतल्या पोरांना सर्दीची ठरावीक मिश्र औषधं देऊ नका असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढलं, तरी लोक मेडिकलमध्ये जाऊन "सर्दीचं द्या" म्हणतात. सांगली भागातल्यांना अजून एक, अख्खं द्राक्ष आणि बेदाणा लहान पोराला देऊ नका, द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करून द्या, गोल गुळगुळीत द्राक्ष श्वासनळीवर बुचासारखं बसतं. शेंगदाणे, फुटाणे, तेच. आणि रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल, तो अन्ननळीत अडकला तर दोन तासात आतून भाजायला सुरुवात करतो, त्याला "शी मधून पडंल" म्हणून वाट बघायची नाही, लगेच मिरज-सांगली जिथं जवळ असेल तिथं एक्स-रे काढायचा.

आता कुणी म्हणेल मग हे सगळं आईबापांनी शिकावं की. किती शिकायचं? खेळण्याच्या रंगात शिसं आहे का हे आई चाटून बघणार का? २०१९ साली क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियानं बाहेरून येणारी खेळणी तपासली तर जवळजवळ दोन-तृतीयांश नापास निघाली, तोपर्यंत आपण ती हौसेनं आणतच होतो. मग १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना आयएसआय सक्तीचा झाला, तेव्हा कुठं दुकानदाराला मागून घ्यावा लागला. जत्रेतल्या पालावर अजून नसतोच तो, पण निदान विचारायला एक खूण तरी मिळाली. १९९२ च्या कायद्यानं दुधाच्या बाटलीची, डब्याच्या दुधाची जाहिरात बंद केलीच की, त्यानं कुठली कंपनी देशोधडीला लागली नाही. मग वॉकरला एवढं काय सोनं लागलंय?

नियम नुसता कागदावर करून काय होतं हेपण बघून घ्या. नऊ महिने ते चार वर्षांच्या पोराला टू-व्हीलरवर नेताना बांधायचा हार्नेस आणि हेल्मेट पाहिजे, स्पीड चाळीसच्या आत, हा नियम केंद्रानं २०२२ च्या फेब्रुवारीत काढला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. कारमध्ये चौदा वर्षांखालचं पोर पट्ट्याशिवाय नाहीतर चाइल्ड सीटशिवाय असेल तर हजार रुपये दंड आहे. पोवई नाक्यावर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहून मोजा. स्कूटीच्या पुढं पोर उभं, आरशाला धरून, आईच्या तोंडाला स्कार्फ, बापाला हेल्मेट, पोराच्या डोक्यावर टोपी, ती पण कानाला वारं लागू नये म्हणून. मी नातवासाठी हेल्मेट शोधत गावभर फिरलो, एका दुकानदारानं हसून विचारलं, "एवढ्याचं कोण घेतंय काका?" शेवटी पुण्याहून मुलीनंच मागवलं. घरात आम्ही फोम लावतो आणि बाहेर पोराला टाकीवर बसवून पुण्याच्या हायवेला लागतो.

"आमच्या वेळी कुठं होतं असलं काय, आम्ही नाय का जगलो?" हा प्रश्न माझ्या वयाची माणसं हमखास विचारतात. जगलो ते विचारतोय ना आपण, जे जगले नाहीत ते कसे विचारतील. माझ्या आजीला अकरा झाली, राहिली सहा. गेलेल्यांतली बरीच तापानं, गोवरानं, पण एक आडात पडून गेला, त्याचं नाव घरात कुणी घेत नसत, आजी फक्त अवसेला त्या आडापाशी दिवा लावायची. तिलापण कुणीतरी विचारलंच असणार, लक्ष कुठं होतं म्हणून.

दुसरं म्हणतात, प्रत्येक गोष्टीत सरकारनं कशाला पडायचं, घर आपलं, पोर आपलं. बरोबर आहे, काही गोष्टी घरातच करायच्या आणि त्या बापानं करायच्या, कारण ड्रिल मशीन धरायला घरात तोच पुढं असतो. मोरीच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला, पोराचा हात पुरणार नाही अशी कडी, शंभर रुपयांच्या आत काम. गिझरचं बटण फिरवून पन्नासच्या आसपास आणणं, फुकट. साठ अंशाच्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडी पाच सेकंदात खोलवर भाजते, पोराची त्याच्याही आधी, आणि आपण गिझर शेवटच्या आकड्यावर ठेवून परत विसण घालत बसतो. बादलीत हीटरची कांडी टाकत असाल तर पोर घरात असेपर्यंत ती बंद. आणि विसण घालायची आपली रीतच उलटी करा. आधी गार पाणी, मग त्यात कढत. आमच्या घरात १९९८ नंतर बादलीत कढत पाणी पहिलं पडलेलं नाही, पाहुणे हसतात, हसू देत.

पण मोरीची कडी मी लावली तरी औषधाच्या बाटलीचं झाकण मी बनवू शकत नाही, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीला गज भाडेकरूनं कितीही म्हटलं तरी मालक "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो, आणि पिंप विकणारा झाकण वेगळं विकतो. हो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. प्लास्टिकचं पिंप घाऊक बाजारातून येतं ते बऱ्याचदा झाकणाशिवाय, झाकण वेगळा माल, त्याचा वेगळा भाव, आणि गिऱ्हाईक म्हणतं राहू दे, ताट ठेवू वर. गॅसचा सिलिंडर सीलशिवाय घ्या म्हटलं तर घ्याल का? मग पाण्याच्या पिंपाला क्लिपचं झाकण असलंच पाहिजे असा मानक, असा नियम का नाही? मी व्यापारी संघटनेच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला होता, एक जण म्हणाला तुमच्याकडं झाकणांचा स्टॉक पडलाय वाटतं. सगळे हसले, मीपण हसलो, चहा आला, विषय जीएसटीवर गेला.

ते शाहूपुरीचं जोडपं परत आलं होतं परवा, ड्रॉवरची लॉकं निघून पडली म्हणून बदलायला. झाकण गच्चीवरून खाली आलंय म्हणाली ती, पण कुंडीखाली ठेवायला आता काहीतरी पाहिजे. मी तिला एक जुनी पत्र्याची थाळी दिली. आणि झाकणाशिवाय पिंप मी आता विकत नाही, गिऱ्हाईक भांडतं, म्हणतं समोरच्याकडं मिळतंय, झाकणाचे तरी कमी करा. कधी करतो, कधी समोरच्याकडं जाऊ देतो.